ओढून बघ

चाचांचा स्वतःच्या हातांवरही विश्वास नव्हता, तर आमच्यावर कुठून असणार! खोक्याला शेवटची गाठ मारली की ते दोन पावलं मागे सरायचे, मान तिरकी करून त्या गाठीकडे चोराकडे बघावं तसं बघायचे, आणि ज्याचं खोकं असेल त्याला म्हणायचे, "ओढून बघ." तो बिचारा वरवर ओढायचा. "अरे, बायकोची करंगळी धरल्यासारखं काय धरतंस? ओढ!" मग तो खोक्याला पाय लावून ओढायचा. गाठ हलायची नाही. तरी चाचांचं समाधान नाही. एकदा स्वतः ओढून बघायचे आणि नाकातून 'हूं' असा आवाज काढायचे. त्या 'हूं'चा अर्थ एवढाच, की आज सुटली नाही, उद्याचं मी सांगत नाही.

सौदीत दम्मामच्या बाहेर, जिथे शहर संपून नुसते पाइपांचे ढीग आणि पत्र्याच्या शेड सुरू होतात, तिथे आमच्या कंपनीचा कॅम्प होता. मी इलेक्ट्रिशियन, गाव गुहागरच्या बाजूचं. चाचा स्टोअरकीपर, बाणकोट खाडीकडचे. निम्मं आयुष्य त्यांनी मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून काढलेलं, त्यामुळे दोरी त्यांच्या हातात आली की शहाण्यासारखी वागायची. कोणाची सुट्टी मंजूर झाली की शुक्रवारी नमाजानंतर स्टोअरच्या पडवीत त्याचं खोकं बांधायचा कार्यक्रम. दुधाची पावडर, साबणाच्या वड्या, बाम, टॉर्च, जाड ब्लँकेट, आईला खजूर, भावाला अत्तर. हिंदू असो, मुसलमान असो, रत्नागिरीचा असो की रायगडचा, चाचांनी बांधलेल्या खोक्याशिवाय कोणी घरी जायचा नाही. दुसऱ्यांनी बांधलेली खोकी मुंबईच्या विमानतळावर पट्ट्यावरून येताना पोट फुटून यायची, हे सगळ्यांनी बघितलेलं.

आणि हे चाचांना चांगलं ठाऊक होतं. खोकं अर्धं बांधून झालं, दोरीचं एक टोक त्यांच्या दातांत आणि एक हातात, की त्यांची उलटतपासणी सुरू.

"लगीन झालंय?"

"झालंय, चाचा."

"दोन वर्सांत कुठं कुठं गेलास? बहरीन?"

"नाय ओ."

"मुंबईत उतरलास की गावची गाडी मिळेपर्यंत रात कुठं काढणार?"

"भावाकडे."

"कुठच्या भावाकडे?"

माणूस घामाघूम व्हायचा. पूल ओलांडला की बहरीन, आणि तिथे दारू-बायका सगळं मिळतं, हे कॅम्पात कोणाला ठाऊक नव्हतं! पण उठून जाणार कुठे? खोकं अर्धं. मग चाचा सुरू व्हायचे. एड्स हा शब्द ते मोठ्याने, सगळ्या पडवीला ऐकू जाईल असा उच्चारायचे. कशाने होतो, कशाने होत नाही, न्हाव्याकडे जाताना आपलं ब्लेड आपण का न्यावं, कुठे पाय घसरला असेल तर घरी जाऊन आधी रक्त का तपासावं आणि मगच बायकोजवळ का जावं. शेवटची गाठ, 'ओढून बघ', 'हूं', आणि निरोपाला एक चमत्कारिक शब्द: "कुइदाते." कॅम्पातल्या निम्म्या लोकांना तो अरबीतला शाप वाटायचा.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाबद्दल संशय येणार नाही तर काय? त्या मुलुखात ही गोष्ट कोणी ओठांवर आणत नसे. इकाम्यासाठी, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यासाठी, रक्त तपासायचे तेव्हा प्रत्येकाचा जीव मुठीत. ज्याचं रक्त नापास व्हायचं तो परत कॅम्पात दिसायचा नाही. खलास. त्याची बॅग दुसरंच कोणीतरी भरायचं, आणि तो कुठल्या विमानाने गेला हेसुद्धा कळायचं नाही. आणि हे गृहस्थ शुक्रवारची दुपार धरून त्याच रोगाचं नाव घेतायत! आमच्या खोलीत यावर रोज खल व्हायचा. एकाचं म्हणणं, चाचा कंपनीचे खबरी आहेत. दुसऱ्याचं म्हणणं, ज्याला खाज असते तोच खाजवतो. यांनाच झालेला असणार, जहाजावरच्या माणसाचं काय सांगावं. मी मूळचाच संशयी. आई म्हणते, मी लहानपणी दूधसुद्धा वास घेऊन प्यायचो. मला दोन्ही म्हणणी पटली.

एकदा मी सरळ विचारलं, "चाचा, तुम्हाला या रोगाचा एवढा पुळका का?"

चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी मला दोरीच्या बंडलावर बसवलं आणि पाववालीची गोष्ट सांगितली. पलीकडच्या अमेरिकेत, खालच्या बाजूला, स्पॅनिश बोलणाऱ्यांचं एक बंदर. बंदराचं नाव त्यांनी प्रत्येक वेळी वेगळं सांगितलं, तेव्हा ते मी देत नाही. गोदीच्या फाटकाशी एक जाडी बाई पावांची टोपली घेऊन बसायची. पाव घ्यायला गेलं की पैसे घ्यायची, पाव पुढे करायची, पण सोडायची नाही. पावाचं एक टोक तिच्या हातात, एक खलाशाच्या. आधी ऐकून घे, मग पाव.

"तिच्या गल्लीतले सगळे बापये उत्तरेला मजुरीला," चाचा म्हणाले. "फळांच्या बागांत, इमारतींवर. दोन-दोन वर्सांनी घरी यायचे, आमच्यासारखीच खोकी घेऊन. अशीच दोरी. आणि मागनं बायका आजारी पडायला लागल्या, ज्यांनी गल्लीबाहेर पाऊल ठेवलेलं नाय त्या बायका. शहरातनं डॉक्टर यायचे, साहेबी भाषेत बोलून जायचे. कोण ऐकतो? उलट लोक म्हणायचे, आमच्या घरांत ही घाण नाय. ही बाई पहिली बोलली तेव्हा बायकांनीच तिच्या दारात कचरा टाकला."

"मग?"

"मग ती पाव धरून बसायला लागली. दुसरी एक न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसायला लागली, तिसरी देवळातनं लोक बाहेर पडतात तिथं, चर्च म्हणतात ते. आपल्या माणसाला आपल्याच बोलीत. हळूहळू गल्ली ऐकायला लागली. माणसाला जे हवं असतं ना, ते एका हातानं धरून ठेवायचं, मग तो ऐकतो. तिनं पाव धरला, मी खोकं धरतो." निघताना ती म्हणायची, कुइदाते. म्हणजे स्वतःला जप.

गोष्ट चांगली होती. पण बंदराचं नाव बदलतं, म्हटल्यावर मी ती निम्मीच खरी मानली.

त्यांची सगळी कामं धड व्हायची असंही नाही. एक महिनाभर त्यांनी कॅम्पात सांगितलं की हा रोग डासानेही होतो. मग काय, कोणी अंगाला रॉकेल चोळतोय, कोणी उकाड्यात ब्लँकेट घेऊन झोपतोय. शेवटी कंपनीच्या दवाखान्यातल्या मल्याळी डॉक्टरांनी चाचांना बोलावून फैलावर घेतलं. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. चाचा त्या संध्याकाळी प्रत्येक खोलीच्या दारात उभे राहिले. "डासाचं मी बोललो ते खोटं. डास निर्दोष हाय." आमच्या खोलीत हशा पिकला. मी मात्र म्हटलं, आज डास सुटला, उद्या आणखी काय काय सुटेल, कोणाला माहीत.

लांज्याच्या गवंड्याचा घोटाळा तर सगळ्या कॅम्पाला माहीत होता. चाचा तेव्हा प्रत्येक खोक्यात, मालकाला न सांगता, निरोधचं एक पाकीट सारून द्यायचे. त्यांना वाटायचं, घरी गेल्यावर सापडेल, वापरेल, भलं होईल. अहो, पण आपल्याकडे गल्फचं खोकं एकटा माणूस उघडतो का? सगळी वाडी जमते! लांज्याला खोकं उघडलं सासूने, सामान लावलं सुनेने, आणि ब्लँकेटच्या घडीतून पाकीट पडलं ते सुनेच्या मांडीवर. तिने पदराखाली घेतलं आणि तोंडाला कुलूप लावलं. अख्खी सुट्टी ती नवऱ्याशी 'वाढू का' आणि 'पुरे का' याच्यापुढे बोलली नाही. नवऱ्याच्या मनात पाल चुकचुकली, की आपण नसताना हिचं काहीतरी बिनसलंय. तो शेजारपाजारी चौकशा करत हिंडला. निघायच्या दिवशी तिने ते पाकीट त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. "हे कोणासाठी घेतलंवतं?"

गवंडी परत आला तो सरळ स्टोअरमध्ये, आणि चाचांची कॉलर धरली. चार माणसांनी सोडवलं. चाचा शर्टाचं तुटलेलं बटण शोधत म्हणाले, "चूक माझी. लपवून ठेवलं की संशय होतो, वर ठेवलं की सामान होतं." त्यांनी गवंड्याच्या बायकोला फोन लावून घेतला आणि सगळ्यांदेखत माफी मागितली. त्या दिवसापासून पाकीट साबणाशेजारी, सगळ्यात वर, आणि ज्याचं खोकं त्याने स्वतःच्या हाताने ठेवायचं. निम्मे लोक खोलीवर जाऊन ते काढून टाकायचे. चाचांना तेही माहीत होतं. शनिवारी सकाळी कचऱ्याचे डबे बघत फिरायचे आणि पाकीट सापडलं की कॅम्पभर विचारत सुटायचे, "ह्यो शहाणा कोण?"

इथवर सगळं मौजेचं होतं. चाचांचा संशय माझ्या घरात शिरला तेव्हा मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आमच्या खोलीत देवरुखच्या बाजूचा एक फिटर होता. माझ्याच वयाचा, हसतमुख. कोणाचा बूट फाटला तरी हा शिवून द्यायचा. एकुलता एक, घरी फक्त आई. कॅम्पात जो तो आपलं जेवणाचं ताट घरून आणायचा, तसं याचंही होतं; पहिल्यांदा गल्फला निघाला तेव्हा आईने नवीन घेऊन त्यावर त्याचं पूर्ण नाव कोरून दिलेलं, वडिलांच्या नावासकट. त्या ताटाला तो कोणाला हात लावू द्यायचा नाही. मला तो माणूस आवडायचा. म्हणून मीच घरी विषय काढला, आणि माझ्या धाकट्या बहिणीशी त्याचं जमवलं. फोटो गेले, आले, आईने होकार दिला. सुट्टीत साखरपुडा आणि लगेच लग्न असं ठरलं. त्याच्याच खोक्यातून मी बहिणीसाठी साडी पाठवणार होतो.

शुक्रवारी पडवीत मी, तो आणि चाचा. सामान भरून झालं. चाचांनी दोरी हातात घेतली आणि थांबले.

"लगीन करतोस ना? मग आधी दोघांची रक्तं तपासा."

फिटर हसला. "चाचा, इकाम्याला तपासलंय की माझं."

"कधी?"

"आलो तेव्हा."

"त्यानंतर तुजं रक्त काय दोरीनं बांधून ठेवलंवतं? आधीच्या मालकाकडे तू ट्रेलरवर हेल्पर होतास. पुलावरनं बहरीनला जायचास. खरं की नाय?"

फिटर बाम ठेवलेल्या डब्याचं लेबल नखाने खरवडत राहिला. माझं डोकं फिरलं. "चाचा, पुरे! माझा मेहुणा होणार आहे तो. तुम्ही कोण विचारणारे?"

"मी खोकं बांधणारा," चाचा म्हणाले. "ह्यात तुज्या बहिणीची साडी हाय ना? म्हणून विचारतोय. इथं नको तपासू, इथं कळलं तर ह्याला कुत्र्यासारखा काढतील. गावाला जाऊन तपास. पण लग्नाच्या आधी. कबूल कर, मग बांधतो."

"नका बांधू!" मी म्हटलं आणि साडीचं पुडकं उचलून चालू लागलो. मला खात्रीच झाली, की या माणसाला कोणाचं चांगलं बघवत नाही. माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न हा म्हातारा पडवीत बसून मोडत होता. त्यातून हे गावात फुटलं असतं तर? 'गल्फवाल्याचं रक्त बघायला लागलं' एवढं वाक्य आमच्याकडे पोरीला जन्मभर घरी बसवायला पुरतं.

संध्याकाळी मी बहिणीला फोन लावला आणि चाचांच्या नावाने खडे फोडले. ती बालवाडीत शिकवायची, बोलायला शांत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, तू कोणावर चिडलायस? त्या चाचांवर, की तुला पण तीच शंका आली म्हणून?"

मला ती लेबल खरवडणारी नखं दिसत होती.

"त्याला सांग, आपण दोघं तपासू," ती म्हणाली. "मी पण. म्हणजे एकट्या त्याच्यावर संशय घेतला असं होणार नाही. आईला मी सांगते."

फिटरला सांगितलं. तो म्हणाला, "चालेल की. मला कसली भीती!" दुसऱ्या दिवशी त्याने आपलं खोकं स्वतः उचलून चाचांकडे नेलं. चाचांनी बांधलं. ओढून बघ म्हणाले. त्याने ओढलं. "कुइदाते," चाचा म्हणाले, आणि या वेळी 'हूं' काही केलं नाही. परत यायचंच आहे म्हणून फिटरने ताट खोलीतच ठेवलं.

पंधरवड्याने त्याचा मिस्ड कॉल आला. मी केबल ओढत होतो. हातमोजे काढून उलट फोन लावला.

"तुझ्या बहिणीचं ठीक आहे," तो म्हणाला.

"बरं झालं. आणि तुझं?"

"माझं नाही."

मला आधी काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. बहीण वाचली, एवढंच डोक्यात आलं, आणि मी तिथेच वाळूत बसलो. फोनवर तो रडत होता, मी त्याला "हॅलो, हॅलो" करत होतो. लग्न अर्थातच मोडलं. माझ्या आईने कारण कोणाला सांगितलं नाही, पत्रिकेवर ढकललं. पण असल्या बातमीला कोण अडवणार? मुंबईहून कोणाच्या तरी फोनवरून ती आठवड्यात कॅम्पात पोचली.

मग आमच्या खोलीत जे सुरू झालं, ते बघवत नव्हतं. त्याची गादी बाहेर. बादली बाहेर. त्याने शिवून दिलेले बूट लोकांनी फेकले. गेली दोन वर्षं कोण त्याच्या शेजारी झोपला, कोणी त्याचा टॉवेल वापरला, यावर भांडणं. सगळ्यात शेवटी कोणीतरी त्याचं ताट चिमट्याने उचलून गादीवर टाकलं. मीही काही बोललो नाही. मीही मनात तेच मोजत होतो, की मी त्याच्या हातचं काय काय खाल्लंय.

चाचा आले. गादीकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. ताट उचललं, त्यावरचं नाव वाचलं, नळाखाली धुतलं आणि काखेत मारून मेसमध्ये गेले. जेवणाची वेळ. अख्खा कॅम्प तिथे. चाचांनी त्या ताटात डाळ-भात वाढून घेतला आणि मधल्या टेबलावर बसून जेवले. सावकाश, शेवटी डाळ बोटाने पुसून. ज्या माणसाला बोलायची एवढी हौस, तो तेव्हा बोलला नाही. त्यांच्या टेबलावर दुसरं कोणी बसलं नव्हतं.

त्याचा परिणाम काय झाला म्हणता? लोक म्हणाले, "बघा, म्हणालो नव्हतो? ह्यांनाच आहे. नाहीतर कोण असा जेवेल?" मग चाचांचा इकामा रिन्यू व्हायची वेळ आली, कंपनीने रक्त तपासून घेतलं, आणि चाचा नवा इकामा खिशात घालून परत कामावर. तर लोक म्हणाले, "ओळख असणार वरपर्यंत." संशयाला जेवायला काहीही चालतं.

मी त्यांना म्हटलं, "म्हणजे तुम्हाला नाही तर, चाचा."

"आज नाय," ते म्हणाले. "उद्याचं मी सांगत नाय."

मग माझी सुट्टी लागली. बहिणीचं दुसरीकडे जमलं होतं, खेडच्या एका शिक्षकाशी. तिथेही तिने आधी दोघांची रक्तं तपासायला लावली होती, आणि त्या भल्या माणसाने मानलं होतं. चाचा माझं खोकं बांधायला बसले. मला माहीत असलेली उलटतपासणी झाली. लग्न झालंय? नाही. बहरीन? नाही. साबणाशेजारी पाकीट मी माझ्या हाताने ठेवलं. मग त्यांनी काखेतून फिटरचं ताट काढलं आणि सगळ्यात वर ठेवलं.

"हे पोचव."

"कुरियरने पाठवतो."

"खोक्यातनं जाईल. तू स्वतः जा."

मला जायचं नव्हतं. काय बोलणार होतो मी त्याच्याशी? बरा आहेस ना? मुंबईहून गावी पोचल्यावर चार दिवस मी ते ताट बघून न बघितल्यासारखं केलं. शेवटी बहीणच म्हणाली, "दादा, जाऊन ये. त्याने मला फसवलं नाही. त्याला पळून जाता आलं असतं, तरी तो तपासायला आला."

देवरुखहून पुढे दोन गाड्या बदलून गेलो. फिटर ओट्यावर एक पाण्याचा पंप खोलून बसला होता. बारीक झालेला, पण हसू तेच. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून औषध चालू होतं. दर महिन्याला जायचं, आणायचं, वेळेवर घ्यायचं. ताट बघून त्याने आधी त्यावरून बोट फिरवलं. "टाकलं नाही कोणी?" त्याने विचारलं. मी सांगितलं, चाचांनी उचललं. मेसमधलंही सांगितलं. तो उठून मागच्या दारी गेला आणि बराच वेळ आला नाही.

त्याच्या आईने जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पानं घेतली ती अशी: फिटरला आणि तिला ताटं, आणि मला पत्रावळ. पाणी प्लॅस्टिकच्या ग्लासात. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. "पत्रावळ कोरी आहे हो, बाजारातून आणलेली," ती घाईघाईने म्हणाली. "पाहुण्यांना आम्ही आता अशीच वाढतो. पूर्वी ताटात वाढायचे, तर लोक नुसता हात लावून उठायचे. तुम्ही निर्धास्त जेवा."

त्या बाईला माझा संशय मी यायच्या आधीपासून ठाऊक होता. तिने तो बाजारातून विकत आणून ठेवला होता. मी म्हटलं, "आई, मला त्या ताटात वाढा. मी आणलंय त्यात."

तिने फिटरकडे बघितलं. फिटरने माझ्याकडे. मग तिने पत्रावळ उचलली आणि त्या ताटात भात, कुळथाची पिठी आणि सुकटाची चटणी वाढली. खोटं कशाला सांगू, पहिला घास घेताना मनात चाचांचं सगळं बोलणं पाठ म्हटलं. ताटात जेवून काही होत नाही, ताटात जेवून काही होत नाही. दुसऱ्या घासाला विसरलो. भात कालवताना बोटांना त्याचं नाव लागत होतं. मी पुन्हा भात मागितला, आणि ती माउली वाढता वाढता पदराने डोळे पुसायला लागली.

दम्मामला परत आलो. चाचांनी ना गावचं विचारलं, ना आंब्याचं.

"ताट पोचवलंस?"

"पोचवलं."

"जेवलास?"

"जेवलो."

"कशात?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हाताऱ्याला ताट पोचवायचं नव्हतंच. ते कुरियरनेही गेलं असतं. त्याला मला ओढून बघायचं होतं. "त्याच ताटात," मी म्हटलं.

चाचांनी मान तिरकी केली, गाठीकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं, आणि हात पुढे केला. "फोन लाव त्याच्या आईला."

"चाचा, माझ्यावर विश्वास नाही?"

"लाव."

मी लावून दिला. चाचा स्टोअरच्या पडवीत उभे राहून मोठ्याने विचारत होते, "बाई, ह्यो तुमच्याकडे खरंच जेवला काय? कशात जेवला?" पलीकडून फिटरच्या आईचा आवाज मलाही ऐकू येत होता: "अहो, त्याच्याच ताटात जेवले. दोनदा भात घेतला." चाचांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन हिशोबासाठी बोल्ट मोजायला लागले.

पुढच्या सुट्टीला त्यांनी पुन्हा माझं खोकं बांधलं. बहरीन विचारलं, रात्र कुठे काढणार विचारलं, पाकीट ठेवायला लावलं. शेवटची गाठ मारली. मी सवयीने दोरीला हात घातला.

"राहू दे," चाचा म्हणाले. "तुजी बघून झाली."

तरी मी खोक्याला पाय लावून ती ओढून बघितलीच, आणि चाचा समाधानाने 'हूं' म्हणाले.